सातव्या खणातली पट्टी

मी सातवा खण बोलतोय. कपाट नाही, कपाटातला फक्त एक खण. कपाट स्वतः बोलायला लागलं असतं तर मोठ्या रुबाबात बोललं असतं, कारण बारा खण, पितळी कड्या आणि खालून रुंद चौकट असा त्याचा थाट आहे. पण जे घडलं ते माझ्याकडून घडलं. म्हणून सांगायचंही मलाच.

माझा जन्म एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासाठी झाला. सुतार हाताचा पक्का होता, पण शेवटी शेवटी त्याला फळी कमी पडली. अकरा खणांच्या पाठी नीट बसल्या, माझी पाठ मात्र दोन बोटं बुटकी राहिली. सुताराने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मागून कोण बघायला जातंय?" आणि तशीच ठोकून टाकली. माझ्या मागच्या बाजूला वर एक फट राहिली, ती राहिलीच.

घड्याळवाल्याकडे त्या फटीने कुणाचं काही बिघडवलं नाही. त्याचे काटे, स्क्रू, टिकलीएवढी चाकं सगळी पत्र्याच्या डब्यांत असायची. डबी काही फटीतून जात नाही. पुढे त्याची नजर अधू झाली आणि त्याने दुकान आवरलं. तेव्हा थोरली मला घरी घेऊन आली.

थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. घर दोन भावांचं. खालच्या मजल्यावर थोरला, वरच्या मजल्यावर धाकटा. त्यांच्या बायका एकमेकींच्या जावा. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखतो.

जावा म्हटलं की लोक कान टवकारतात. पण या दोघींचं असं होतं की सकाळची कामं आटोपली की धाकटी जिन्यावरून धडधडत खाली यायची आणि मागच्या खोलीत दोघी कागद घेऊन बसायच्या. कागदाचे खोके, आमंत्रणपत्रिका, उघडलं की आतून घर उभं राहतं अशी भेटकार्डं. लोकांकडून कामंही यायची. मी येण्याआधी त्यांचं सगळं सामान तीन बुटांच्या खोक्यांत आणि एका जुन्या बादलीत असायचं. कात्री सापडेनाशी झाली की दोघींपैकी एक उठून उभी राहायची, कारण बहुतेक वेळा कुणीतरी तिच्यावर बसलेलं असायचं.

थोरली बरीच वर्षं ग्रंथालयात कामाला होती. वस्तू जागेवर नसली की तिला घास गोड लागत नसे. मी घरात आलो त्या दिवशी तिने प्रत्येक खणावर पांढरी चिठ्ठी चिकटवली. पहिल्यात कात्र्या, दुसऱ्यात कटर आणि पात्या, तिसऱ्यात गोंद, चौथ्यात पंच. खालच्या खणांत रंगांप्रमाणे कागद. माझ्या वाट्याला बारीकसारीक हत्यारं आली: टोचा, सुया, चिमटा आणि हाडाची पट्टी. माझ्या तळाशी तिने पांढरा कागद अंथरला आणि प्रत्येक हत्यार त्यावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढली. म्हणजे वस्तू नसली की तिची रिकामी जागाच बोलणार.

"ताई, हे खणात ठेवताय की पलंगावर निजवताय?" धाकटी हसून म्हणाली.

"हस. शोधायची वेळ येईल तेव्हा माझी आठवण काढशील."

त्या हाडाच्या पट्टीबद्दल सांगायला हवं. कागदाची घडी घातली की ती दाबून धारदार करायला लागते ती पट्टी. वीतभर लांब, पिवळट पांढरी, एका टोकाला गोल. थोरलीचे वडील पुस्तकं बांधायचे. त्यांनी आयुष्यभर तीच वापरली होती. जिथे त्यांचा अंगठा टेकायचा तिथे पट्टी खोलगट झाली होती. थोरली काम करताना आपला अंगठा बरोबर त्या खोलगट जागी ठेवायची आणि मग काही वेळ कुणाशी बोलायची नाही.

धाकटीलाही तीच पट्टी लागायची. दुसरी चालायची नाही. धाकटीचा हात म्हणजे काय सांगू! पेन्सिल न टेकवता, कागद हवेत धरून ती कात्री चालवायची आणि खाली पडायचा तो ससा असायचा, कान मागे टाकून पळणारा. पण वस्तू जागेवर ठेवायच्या म्हणजे तिच्या अंगावर काटा. पट्टी एकदा तिच्या उशीखाली सापडली, एकदा तिने त्याच पट्टीने रंग ढवळला. एकदा तर "ठेवली हो ताई, केव्हाच ठेवली" असं छातीठोकपणे म्हणाली आणि संध्याकाळी तिच्याच एप्रनच्या खिशातून पट्टी निघाली. थोरलीने त्या दिवशी तिला चांगलंच फैलावर घेतलं. धाकटीने कान पकडले.

खरं तर पसारा थोरलीचाही होता, पण तो पसारा वाटायचा नाही. तिला कतरण टाकवत नसे. "उपयोगी पडेल" म्हणत ती कागदाच्या पट्ट्या माझ्यात घालत राहायची. वर्षभरात पेन्सिलीच्या त्या सुबक आकृत्या कतरणीखाली गाडल्या गेल्या. मला नीट मिटता येईना. मला बंद करायचं म्हणजे ढकलावं लागे.

तिसऱ्या वर्षी त्यांना एक मोठं काम मिळालं. मुलांच्या इस्पितळात बाहेर थांबायची खोली असते, तिच्या भिंतीवर कागदाचं झाड करायचं होतं. झाडाला दोनशे पानं. प्रत्येक पान म्हणजे घडीचं छोटं दार. मुलाने ते उघडलं की आत एक प्राणी. कुठे खार, कुठे बेडूक, कुठे छत्री घेतलेली गोगलगाय. पानं थोरली करायची, प्राणी धाकटी.

"सुई टोचायच्या आधी पोरं हे उघडत बसतील," धाकटी म्हणायची. "रडायचं विसरतील." एवढ्या उत्साहाने मी तिला कधी बघितलं नव्हतं. एकशेवीस पानं झाली होती.

त्या दिवशी दुपारी थोरली बाहेर गेली होती. धाकटी एकटीच बसून घड्या दाबत होती. काम संपल्यावर ती पट्टी हातात घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. "नको," ती स्वतःशीच पुटपुटली, "आज जागेवर ठेवायची." ती परत आली. तिने मला उघडलं. कतरणीच्या ढिगामुळे पट्टीची आकृती तिला दिसलीच नाही. तिने पट्टी वरच ठेवली आणि मला ढकललं. मी अडलो. तिने गुडघा लावून पुन्हा जोरात ढकललं.

मी मिटलो, पण त्या हिसक्याने पट्टी कतरणीवरून मागे घसरली. माझी पाठ बुटकी. पट्टी फटीतून बाहेर गेली आणि माझ्या मागून थेट खाली, कपाटाच्या तळाच्या पोकळ चौकटीत जाऊन पडली. वाटेत कुठे आपटली असती तर धाकटीला ऐकू आलं असतं. पण ती मागच्या फळीला घासत गेली. एवढासा आवाज झाला, पाल सरकावी तसा.

धाकटी दार ओढून वर गेली. खूश होती. जिन्यावर गुणगुणतही होती.

दुसऱ्या दिवशी थोरलीने मला उघडलं. वरची कतरण चाळली. मग खालची चाळली.

"पट्टी कुठंय?"

"ठेवली ना," धाकटी कागदावरून मान वर न करता म्हणाली.

"कुठे?"

"जागेवर. सातव्यात."

"नाहीये."

"असेल हो ताई, त्या कतरणीत खाली गेली असेल."

थोरलीने मला कपाटातून पूर्ण बाहेर काढलं आणि चटईवर उलटं केलं. सुया पडल्या, चिमटा पडला, कागदाचा ढीग पडला. पट्टी नाही. मग तिने बाराही खण काढले, बॅटरी घेऊन कपाटाच्या आत बघितलं. पण तळाची फळी दिसायची आणि फळीच्या मागची चीर अंधारात होती. दोघींनी खोली पालथी घातली. धाकटी वर जाऊन उशा झटकून आली, एप्रनचे खिसे उलटे करून आली.

"ठेवली होतीस, मग तिला काय पाय फुटले?"

"मला खरंच कळत नाहीये, ताई."

"हे बघ," थोरली खाली बसली. तिचा आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. "हरवली असेल तर हरवली म्हण. मी चार दिवस रडेन, तुला काही बोलणार नाही. पण खोटं बोलू नकोस."

"मी खोटं बोलत नाहीये."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

"मागच्या वेळी मी विसरले होते. काल मी दारापर्यंत जाऊन परत आले. खास ठेवायला परत आले. गुडघा लावून खण बंद केला."

"तू? परत आलीस? जागेवर ठेवायला?" थोरली हसली. मी त्या घरात तिची पुष्कळ हसणी ऐकली, पण तसलं एकच.

धाकटीचा चेहरा उतरला. तिने एप्रन काढला. आयुष्यात कधी रुमालाची घडी न घालणाऱ्या त्या बाईने एप्रनची नीट घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि वर निघून गेली.

मी चटईवर पालथा पडलो होतो. माझी बुटकी पाठ अगदी थोरलीच्या डोळ्यांसमोर होती. बघ, असं मला म्हणायचं होतं. इथे बघ ना. पण तिचे डोळे भरून आले होते आणि तिला काही दिसत नव्हतं.

दोन दिवस जातील, मग सगळं निवळेल, असं मला वाटलं. दोघींनाही तसंच वाटलं असावं. थोरली वाट बघत होती धाकटीने कबूल करण्याची. धाकटी वाट बघत होती थोरलीने विश्वास ठेवण्याची. आणि जिन्याच्या बारा पायऱ्या कुणालाच ओलांडवल्या नाहीत. स्वयंपाक, पाहुणे, आजारपण यासाठी दोघी बोलायच्या, मदतही करायच्या. पण मागच्या खोलीत धाकटी पुन्हा बसली नाही.

झाड वेळेवर द्यायचं होतं. उरलेली ऐंशी पानं थोरलीने एकटीने केली. तिच्या घड्या सुरेख होत्या, पण तिला ससा कापता येत नव्हता, बेडूक कापता येत नव्हता. तिने प्रयत्न केला आणि ते सगळं कचऱ्याच्या टोपलीत गेलं. शेवटी पानं तशीच लावली. इस्पितळातून परत आली त्या दिवशी ती नवऱ्याला सांगत होती, "एक मुलगी होती. ओळीने पानं उघडत होती. एकात घुबड निघालं, खूप हसली. पुढची पाच रिकामी निघाली. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते प्राणी बाहेर फिरायला गेलेत."

तिने प्लास्टिकची नवी पट्टी आणली. कतरण एकदाची काढून टाकली आणि नवी पट्टी माझ्यात जुन्या आकृतीवर ठेवली. बोटभर आखूड होती. तिच्या भोवती जुन्या पट्टीची रेघ कायम दिसत राहायची.

दोन वर्षांनी धाकट्याची दूरच्या गावी बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा धाकटी मागच्या खोलीत आली. थोरली खिडकीपाशी उभी होती. धाकटी सरळ माझ्यापाशी आली आणि तिने मला उघडलं. तिने त्या पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं, पूर्ण एक फेरी. मग मला इतकं हळूच मिटलं की मला कळलंही नाही.

"येते, ताई."

"बरं. पोचलात की कळवा."

बस्स. वरच्या मजल्यावरून चार माणसं कपाटं, पलंग, पेट्या उचलून नेत होती. मागच्या खोलीतलं आमचं कपाट मात्र कुणी जागचं हलवलं नाही. कुणी ते हातभर तिरकं केलं असतं तरी तळातली पट्टी खडखडली असती. तो दिवस मला फार लागला आहे.

नऊ वर्षं गेली. थोरलीचे केस पांढरे झाले, कान जड झाले. ती कार्डं करायची, पण सरळ रेषेचीच. शेजारपाजारचे म्हणायचे, पूर्वीसारखी मजा नाही राहिली हो. ती म्हणायची, वय झालं.

मग घराला रंग द्यायचं ठरलं. रंगारी दोघं होते. त्यांनी कपाट उचललं, दारातून जाईना म्हणून तिरपं केलं, आणि आत काहीतरी खळ्ळकन घरंगळलं.

"काकू, आत काही राहिलंय का?"

"नाही रे. सगळे खण रिकामे केलेत."

"मग हे काय वाजतंय?" त्याने पुन्हा तिरपं केलं. पुन्हा तोच आवाज. त्याने पटाशीने तळाची एक बाजू उचकटली, हात घातला आणि धुळीने माखलेली पट्टी काढून तिच्यासमोर धरली. "हाड आहे वाटतं कसलं तरी."

थोरलीने ती पदराने पुसली. अंगठा खोलगट जागेवर गेला. मग ती जमिनीवरच बसली, रंगाचे डबे आणि वर्तमानपत्रं पसरली होती त्यांच्या मधोमध. रंगारी घाबरले. एकाने पाणी आणलं. दुसरा मला हातात घेऊन उलटसुलट बघत होता. "या खणाची पाठच आखूड आहे काकू. इथून गेली असणार. कुणी जोरात ढकललं की मागे पडणारच." त्याने तिथल्या तिथे एक पातळ फळी मारून फट बुजवली. कामाला त्याला दोन मिनिटं लागली.

तीन दिवस थोरलीने फोन हातात घेतला आणि ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी तिने तो लावला. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"अगं, मी बोलतेय."

"ताई? बरं आहे ना सगळं?"

"पट्टी सापडली."

पलीकडून, "कुठे?"

"कपाटाच्या तळात. खणामागून पडली होती. सातव्याच."

"म्हणजे मी ठेवली होती."

"ठेवली होतीस."

थोरलीने पट्टी हातात घेतली आणि म्हणाली, "मी चुकले गं. फार चुकले. तू ये. पुन्हा बसू आपण. ती पट्टी आता तुझीच."

"येईन. बघायला येईन तुम्हाला," धाकटी म्हणाली. "पण बसायचं काय, ताई? हात थरथरतो माझा. तीन वर्षं झाली. औषध चालू आहे. पण कात्री धरवत नाही."

थोरलीच्या हातातला फोन खाली आला. पट्टी हरवल्यापासून पुढची आठ वर्षं धाकटीचा हात धड होता. आठ वर्षं. त्यात किती ससे, किती घुबडं, किती गोगलगाई झाल्या असत्या, ते आता मोजायचं तरी कसं?

धाकटी आली. दोन दिवस राहिली. बारीक झाली होती, पण जिना चढताना अजून धडधडच करत होती. दोघी मागच्या खोलीत बसल्या. नवा रंग, त्याच दोन खुर्च्या. थोरलीने पट्टी तिच्या हातात दिली आणि पुढे एक घडी सरकवली. धाकटीने दाबली. एकाच घडीवर तीन वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. तिने पट्टी टेबलावर ठेवली.

"ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"पट्टी सापडली नसती तर?"

थोरलीने ती घडी बाजूला सारली.

"तर मी मरेपर्यंत खोटारडीच ना?"

मला वाटलं, थोरली आता म्हणेल, नाही गं, असं कसं, मी कधीच विसरले होते. लोक असंच म्हणतात. पण तिने नजर खाली घातली नाही. "हो," ती म्हणाली. "मी तसंच मानलं असतं."

धाकटीने मान हलवली. डाव्या हाताने तिने उजवा हात धरून ठेवला होता. "अकरा वर्षं मला वाटायचं, पट्टी सापडू दे, बस, एकदा सापडू दे. आता सापडली. तर वाटतंय, पट्टी खरी ठरली. माझा शब्द कुठे ठरला?"

"नाही ठरला. मी ठरू दिला नाही."

थोरली उठून चहा करायला गेली. परत आली तेव्हा कप अर्धाच भरलेला होता, धाकटीला सांडू नये म्हणून. धाकटीने ते बघितलं आणि दोन्ही हातांनी कप धरून प्यायली.

ती परत गेली. पट्टी तिने नेली नाही, "तुमच्या वडिलांची आहे, तुमच्यापाशीच राहू दे" म्हणाली. आता तिचा फोन येतो. कधी दर आठवड्याला, कधी महिनाभर येत नाही. दोघी बोलतात, हसतातही. पण बोलताना मध्येच एक जागा येते, तिथे दोघी जपून पाय टाकतात. मला ती ऐकू येते.

माझं म्हणाल तर मी आता धडधाकट आहे. कड्या पुसलेल्या, पाठ पूर्ण. तरी कुणी मला उघडलं की माझा जीव खालीवर होतो. वस्तू सांभाळायचं एकच काम होतं मला, आणि ते मी चुकलो. माझ्या चुकीची शिक्षा जिने पहिल्यांदाच माझ्यावर विश्वास टाकला होता, तिला झाली. मी लाकूड. मला सांगता आलं नाही, हे दुःख मी कसंबसं सहन करतो. तुमच्या घरीही खण असतील, चिठ्ठ्या लावलेले, नीटनेटके. जरूर लावा. पण आम्ही खण फार भरवशाचे नसतो, एवढं ध्यानात असू द्या. एखादी वस्तू आमच्यात नसली की समोरच्या माणसाकडे लगेच तसं बघू नका. आधी आम्हाला हलवा, उलटं करा, ठोका. आम्हाला काही वाटत नाही.

कालचीच गोष्ट सांगतो आणि मिटतो. घरी झाडलोट करायला येणारी बाई खोली पुसत होती. थोरली टेबलावर, खिडकीत, माझ्यात काहीतरी शोधत होती. तिच्या एका कानात कानातलं नव्हतं. बाईने ते बघितलं आणि हातातला पोछा तसाच ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काकू, मी नाही हो—"

"तुला कुणी विचारलं?" थोरली म्हणाली. "माझंच कुठेतरी पडलंय. तू आवर आणि जा घरी, पोरं शाळेतून येतील."

"आधी शोधू या ना. मला शोधू द्या. माझ्या पिशवीत बघा हवं तर."

"पिशवी उघडू नकोस," थोरली म्हणाली. तिने ती पिशवी स्वतः उचलली, बाईच्या खांद्याला अडकवली आणि दारापर्यंत तिच्याबरोबर गेली. "उद्या जरा लवकर ये. कागद कापायला मदत कर मला."

कानातलं अजून सापडलेलं नाही.